कुणी काय नेसू नये

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘महाराष्ट्राची वेशभूषा’. या विषयाची एक ठरलेली वाट आहे. पैठणीपासून निघायचे, नथीपाशी थोडे रेंगाळायचे आणि पुणेरी पगडीशी येऊन थांबायचे. त्या वाटेने जाणारे माझ्यापेक्षा चांगले वक्ते तुम्ही ऐकलेले असणार. म्हणून मी विषय जरा वाकवून घेतला आहे. कोण काय नेसत होते यापेक्षा कुणाला काय नेसू दिले जात नव्हते, यावर मला बोलायचे आहे.

असे करण्यामागे एक साधे व्यावहारिक कारणही आहे. माणसे निमूटपणे नेसत-पांघरत असतात तेव्हा त्याची नोंद कुणी ठेवत नाही. तक्रार होते, मनाई होते, दंड होतो, तेव्हा कागद तयार होतो. त्यामुळे पोशाखाचा जो लेखी इतिहास आपल्याकडे उरला आहे, त्यातला मोठा भाग भांडणांचा आहे. हे भांडण गरिबाघरचेच असते असेही नाही. अगदी वरच्या मजल्यावरून सुरुवात करू.

१२ मे १६६६. आग्र्याचा दरबार. औरंगजेबाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा सोहळा. शिवाजी महाराज दरबारात उभे आहेत. त्या दिवशी काय झाले हे राजस्थानी पत्रांमुळे आपल्याला बरेच तपशीलवार कळते. ती पत्रे लिहिणारे लोक मिर्झाराजे जयसिंगाच्या पदरचे होते, तेव्हा त्यांना महाराजांची भलामण करायची काही गरज नव्हती. विडे वाटले गेले, मग खिलती वाटल्या गेल्या, म्हणजे मानाची वस्त्रे. शहजाद्यांना मिळाली, वजीर जाफरखानाला मिळाली, जसवंतसिंगाला मिळाली. महाराजांना मिळाली नाही. पुढे जो स्फोट झाला तो आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आपल्या सांगण्यात ‘मागच्या रांगेत उभे केले’ एवढाच अपमान राहतो. पण रांगेबरोबर ते वस्त्रही होते. नंतर समजूत घालायला माणसे आली आणि खिलत देऊ केली, तेव्हा महाराजांनी ती घ्यायला साफ नकार दिला. मोगल दरबारात खिलत अंगावर घेणे म्हणजे आपली जागा मान्य करणे. न मिळणे हा अपमान होताच. उशिरा, मनधरणी म्हणून मिळालेली घेणे हा त्याहून मोठा झाला असता.

हीच रीत मराठी राज्यात वेगळ्या रूपाने दिसते. नवा पेशवा व्हायचा म्हणजे साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे मिळायला हवीत. सत्ता पुण्यात, फौज पुण्यात, खजिना पुण्यात, पण वस्त्रे साताऱ्याची. नारायणरावांचा खून झाल्यावर बारभाईंनी सवाई माधवरावांच्या नावाने कारभार हाती घेतला तेव्हा ते बाळ अवघे चाळीस दिवसांचे होते. त्याच्यासाठी साताऱ्याहून पुरंदरावर वस्त्रे आली. चाळीस दिवसांच्या मुलाला अंगडे-टोपडे लागते, पण राज्य चालवणाऱ्यांना त्याच्यासाठी हा पोशाख लागत होता. कारण वस्त्र आले नसते तर हुकूम कुणाच्या नावाने काढायचे, हा प्रश्न उरला असता.

वस्त्राला एवढे मोल आहे असे एकदा ठरले, की ते कुणालाही वापरू देता येत नाही. मनाई सुरू होते ती इथून.

पेशवाईतलेच उदाहरण घेऊ. सोनार मंडळी स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवत. ती निऱ्या काढून धोतर नेसू लागली आणि एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणू लागली. या दोन्ही गोष्टी आपल्याच, असे ब्राह्मणांचे म्हणणे. तक्रारी झाल्या आणि पेशवे सरकारने सोनारांना दाबले. मुंबईत इंग्रजांचे राज्य होते, तेव्हा तिथले सोनार सुटतील असे वाटावे. तसे झाले नाही. कंपनीच्या मुंबईतल्या अधिकाऱ्यांनीही १७७९ मध्ये सोनारांना ‘नमस्कार’ करण्याची मनाई केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही हकीकत जातिव्यवस्थेवरच्या आपल्या विवेचनात आवर्जून दिली आहे.

यात कापडाचा प्रश्न कुठेही नाही, हे बघा. सोनारांकडे पैसा होता. धोतर तेच, लांबी तीच, कदाचित सूतही जास्त तलम. वाद होता निऱ्यांचा. कमरेपाशी पडणाऱ्या चार चुण्यांसाठी आणि एका ‘नमस्कारा’साठी एक राज्य आणि एक व्यापारी कंपनी कामाला लागली. आपल्याकडे शिवलेल्या कपड्यापेक्षा नेसायच्या कपड्याला जास्त महत्त्व होते, आणि नेसायच्या कपड्याचे वैशिष्ट्य असे की एकच वस्त्र दहा प्रकारे नेसता येते. त्यामुळे बंधन वस्त्रावर घालून भागत नाही. ते नेसण्यावर घालावे लागते. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे महाडला ती पुन्हा लागणार आहे.

डोक्याचेही तसेच होते. पगडी, पागोटे, मुंडासे, रुमाल, फेटा, मंदील ही सगळी डोक्यावरचीच वस्त्रे, पण त्यांच्यात एक चढती-उतरती भाजणी होती. पगडी बांधून तयार, टोपीसारखी उचलून ठेवायची, म्हणजे ती घालणारा डोक्यावर ओझे घेत नाही हे उघड. मुंडासे म्हणजे कापड गुंडाळायचे. त्यावर पाटी ठेवता येते, उन्हात डोके वाचते, वेळ पडली तर भाकरी बांधता येते. रस्त्यात समोरून येणाऱ्याला हाक मारण्याआधी त्याच्या डोक्याकडे बघितले की ‘अहो’ म्हणायचे की ‘अरे’ हे ठरत असे. अजूनही हा हिशेब मिटलेला नाही. २०१८ मध्ये पुण्याच्या एका राजकीय मेळाव्यात शरद पवारांनी सत्कारासाठी पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी वापरावी असे सांगितले, आणि पुढचे अनेक दिवस वर्तमानपत्रांना दुसरा विषय नव्हता. काहींना ते हास्यास्पद वाटले. मला नाही वाटले. ज्या शहराने डोक्यावरच्या वस्त्राला एवढा अर्थ दिला, तिथे पगडी बदलली की लोक विचारणारच.

जोतीराव फुल्यांचे नाव निघालेच आहे, तर १८८८ सालचा तो प्रसंग. ड्यूक ऑफ कॅनॉट, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव, पुण्यात होते. त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. हरी रावजी चिपळूणकर हे जोतीरावांचे स्नेही, त्यांच्याकडचा समारंभ. सगळे पाहुणे जरीत आणि जवाहिरात. जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या पोशाखात. तिथे त्यांनी राजपुत्राला सांगितले की, ही समोर बसलेली दागिन्यांनी मढलेली मंडळी म्हणजे हा देश नव्हे. राणीची खरी प्रजा पाहायची असेल तर खेड्यात जा.

ही गोष्ट आपण ‘साधेपणा’ म्हणून सांगतो, आणि तिथेच तिचे टोक बोथट करतो. जोतीराव कंत्राटदार होते, नगरपालिकेचे सभासद होते, चांगला पोशाख त्यांच्या घरी होता. त्या दिवशी त्यांनी जो वेश घातला तो साधा म्हणून घातला नाही. दरबारी कपड्यांनी भरलेल्या त्या मांडवात जो गैरहजर होता, त्याला त्यांनी हजर केले. मी तर म्हणेन, ते त्या दिवशी वकील म्हणून गेले होते आणि वेश हे वकीलपत्र होते.

आता आपल्या शेजारी जाऊ. गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये एक फर्मान काढले. बाटून ख्रिस्ती झालेल्या गोंयकारांनी काय करू नये याची ती लांबलचक यादी आहे. अमुक गाणी म्हणू नयेत, अंगणात तुळस लावू नये, वगैरे. त्यात पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसू नये आणि बायकांनी चोळी घालू नये असेही आहे. पेशवे सरकारने निऱ्या मोजल्या त्या एक जात दुसरीसारखी दिसू नये म्हणून. पोर्तुगीज पाद्र्यांना भीती उलटी होती. धर्म बदलला पण माणूस पूर्वीसारखाच दिसतो, मग तो आतून बदलला असे कसे मानायचे? धर्मांतराचा पुरावा त्यांना अंगावर हवा होता. गंमत अशी की फर्माने पुन्हापुन्हा काढावी लागत, याचाच अर्थ लोक घरात नेसायचे ते नेसतच होते.

इथपर्यंत मी जे सांगितले त्यात बाया फारशा आल्या नाहीत. आता येतात, आणि इथून पुढे गोष्ट जास्त कठीण होते.

ब्राह्मण घरातल्या विधवेचा वेश तुमच्यापैकी ज्येष्ठांनी पाहिलाही असेल. केस काढलेले, अंगावर तांबडे आलवण, चोळी नाही, कुंकू नाही, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. सगळ्यांत वरची मानल्या गेलेल्या जातीने आपल्याच घरातल्या बाईला घातलेला हा गणवेश होता. जातीचा मोठेपणा जपायचा तर तिच्या बाईकडे कुणाची नजर जाता कामा नये, एवढाच त्याचा हिशेब. मुंबईत १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केस कापायला नकार दिला. म्हणजे ज्यांच्या हातून तो वेश पुरा होत असे, त्यांनीच हात मागे घेतला. सुधारकांनी लिहिलेल्या शेकडो पानांपेक्षा मला हा नकार जास्त मोलाचा वाटतो. लोखंडे हे गिरणी कामगारांचे पुढारी आणि सत्यशोधक. ब्राह्मणवाड्यातल्या बायांसाठी संप करायला उभे राहिले ते कोण, हेही बघून ठेवा.

त्याच काळात ‘सुधारका’त आगरकर लिहीत होते की बायकांनी जाकिटे घालावीत. आज वाचताना हसू येते. पण चोळी आणि जाकीट यांतले अंतर तेव्हा धर्म बुडण्याएवढे मोठे मानले गेले. आनंदीबाई जोशी अमेरिकेत गेल्या तेव्हा तिथल्या थंडीत नऊवारीने भागेना, पोटऱ्या उघड्या राहात. मग त्यांनी पाय झाकणारी गुजराती धाटणीची नेसण पत्करली, पण साडी सोडली नाही. १० ऑक्टोबर १८८५ चा फिलाडेल्फियातल्या त्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयातला फोटो प्रसिद्ध आहे. तिघी विद्यार्थिनी आहेत: आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली आपल्या देशी पोशाखात. अमेरिकन छायाचित्रकाराला तीन देश हवे होते, ते त्याला मिळाले. साडीची धाटणी गुजराती आहे की मराठी, हा प्रश्न तिथे पडायचे कारणच नव्हते. पुण्यात मात्र तो पहिला प्रश्न असता.

आता महाड.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ मध्ये झाला. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस तिथे दुसरी परिषद भरली आणि २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली. हे सगळ्यांना ठाऊक असते. परिषद आटोपल्यावर बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांसमोर वेगळे भाषण केले, ते त्या मानाने कमी सांगितले जाते. माझ्या मते महाराष्ट्राच्या पोशाखाच्या इतिहासातले सगळ्यांत महत्त्वाचे भाषण तेच आहे.

ते काय म्हणाले? तुमची लुगडे नेसण्याची पद्धत हीच तुमच्या अस्पृश्यपणाची साक्ष आहे, ती पुसून टाका. गळ्यातल्या गळसऱ्या आणि हातातले कोपरापर्यंतचे कथलाचे-चांदीचे गोट बघितले की लांबूनच ओळखू येते, ते घालू नका. लुगडे वरच्या जातीच्या बायका नेसतात तसे नेसा. वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या.

हे ऐकताना आज काही जणांना खटकते. वरच्या जातीचे अनुकरण करायला का सांगितले, असे विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण आधी मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडून बघा. चांडाळांनी काय नेसावे, ते तिथे सांगितले आहे: मेलेल्यांची वस्त्रे. काय ल्यावे? लोखंडाचे दागिने. गावगाड्यात मयताच्या अंगावरचे कापड हा महाराचा ‘हक्क’ म्हणून मोजला जाई, तो आकाशातून पडला नव्हता. ज्या पुस्तकात हे लिहिले होते ते २५ तारखेला जाळले गेले. पण पुस्तक जाळून बायांच्या हातातला कथील निघत नाही. परिषदेतले ठराव पुरुषांनी केले, भाषणे पुरुषांनी ऐकली. खूण मात्र बायांच्या अंगावर होती. तेव्हा मी या भाषणाकडे वेगळे प्रकरण म्हणून बघत नाही. दोन दिवसांपूर्वी जे सुरू झाले होते, त्याचाच तो उरलेला भाग होता.

आता नेसण्याचा तपशील. कष्टकरी बाई नऊवारी आखूड नेसते, गुडघ्याच्या जरा खाली, कासोटा घट्ट. चिखलात, लावणीत, डोक्यावर भारा घेऊन तेच सोयीचे. नुसती सोय असती तर कुणीच बोलले नसते. पण गावात ती सक्ती होती. लुगडे घोट्यापर्यंत सोडले, तर ‘ही स्वतःला कोण समजते’ हे विचारायला कुणीतरी उभे असेच. एकच लुगडे, तीच नऊ वारांची लांबी, पण ते वीतभर खाली सोडायचा अधिकार नाही. सोनारांच्या निऱ्यांचीच ही बहीण, पण तिच्यामागे कुठला राजाचा हुकूम नव्हता. गाव स्वतःच हुकूम होते.

सुरबा टिपणीस, कमलाकांत चित्रे ही कायस्थ मंडळी महाडमध्ये बाबासाहेबांबरोबर होती. त्यांच्या घरच्या बायकांनी त्या परिषदेला आलेल्या बायांना घोट्यापर्यंत लुगडे कसे नेसायचे ते दाखवले, आणि बाया तशाच नेसून गावोगाव परतल्या. मला नेहमी वाटते की चवदार तळ्यावरच्या मोर्च्याइतकीच ही परतीची वाट धोक्याची असणार. तळ्यावर हजारो माणसे बरोबर होती. गावाच्या वेशीतून आत शिरताना बरोबर दोन शेजारणी असतील, फार तर तीन. त्यांची नावे कुठल्या इतिवृत्तात नाहीत.

ही भीती काल्पनिक नव्हती. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२८ मध्ये, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त इंदूर संस्थानातली बातमी आली. होळकरांचे राज्य, म्हणजे आपल्याच घरातली गोष्ट. पंधरावर गावांतल्या सवर्णांनी, त्यात पाटील आणि पटवारीही होते, बलाई जातीच्या लोकांना अटी घातल्या. सोनेरी काठाची पगडी बांधायची नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत, नक्षीदार घागरे-चोळ्या घालायच्या नाहीत. बाकीच्या अटी वेठीच्या होत्या: मयताची वर्दी द्यायची, लग्नात वाजवायचे, बाळंतपणे करायची, मोबदला मागायचा नाही. ज्यांनी ऐकले नाही त्यांची विहीर बंद झाली, गुरांची चराई बंद झाली. यादीचा क्रम बघा. पहिल्या कलमात पगडी येते आणि वेठ नंतर. मला तरी हा क्रम आपोआप पडला असे वाटत नाही. माणसाच्या डोक्यावर जरीकाठ आला की त्याला वेठीला बोलावणे जड जाते, हे त्या पाटलांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि याच्या उलटे टोक: १९२० च्या सुमारास शाहू महाराजांनी बाबासाहेबांना भरजरी फेट्याचा मान दिला. संस्थानिकाने एका तरुण विद्वानाचा सत्कार केला, असे आपण वाचतो. बलायांची यादी शेजारी ठेवून वाचा, मग त्या जरीचे वजन कळते.

महाराष्ट्राबाहेरचे एकच उदाहरण देतो, कारण ते या नेसण्याच्या मुद्द्याला अगदी चपखल बसते. त्रावणकोरात नाडार बायांना वरच्या जातींसमोर छाती झाकायची मनाई होती. ख्रिस्ती झालेल्या नाडार बाया वरचे वस्त्र घेऊ लागल्या, तेव्हा दंगे झाले, बाजारात वस्त्रे फाडली गेली. शेवटी मद्रासच्या गव्हर्नरच्या दडपणामुळे २६ जुलै १८५९ ला राजाने जाहीरनामा काढला. नाडार बायांना अंग झाकायची मुभा मिळाली. पण कशी? जाकीट घाला, किंवा कोळणींसारखे जाडेभरडे वस्त्र गुंडाळा; उच्च जातीच्या बायकांसारखे मात्र घेऊ नका. हरलेल्या पक्षानेही शेवटची वीतभर जागा सोडली नाही.

कापडाचा विषय आणि गिरणगाव नाही, असे चालणार नाही. मुंबईच्या गिरण्यांतून स्वस्त कापड निघू लागले तेव्हा गरिबाच्या अंगावर मांजरपाट आला, छापील चीट आले, आणि कापडाची प्रत बघून जात ओळखणे थोडे अवघड झाले. पण ते कापड विणायचे कुणी? गिरणीत दोन मोठी खाती, सूत कातायचे आणि साचा खाते, म्हणजे विणायचे. साचा खात्यात पगार चांगला. तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला, म्हणजे मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनातला, धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला दुसरा कामगार तोंड लावणार नाही. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्ट, पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला, कारण अडवणारे मालक नव्हते, सोबतचे कामगार होते. म्हणजे चांगले वस्त्र नेसायचे नाही आणि विणायचेही नाही.

बाबासाहेबांचा सूट या सगळ्याच्या पुढे येतो. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत पंचा स्वीकारला, देशातल्या सगळ्यांत गरीब माणसासारखे दिसायचे म्हणून. बाबासाहेब कोट, टाय, बुटांत राहिले. या दोघांची तुलना पुष्कळ झाली आहे, मी त्यात जास्त शिरत नाही. एवढेच म्हणतो की कपडे उतरवून मोठे होता येते ते, ज्याच्या अंगावर कपडे असावेत असे लोक आधीच गृहीत धरतात, त्याला. बॅरिस्टर पंचा नेसला तर महात्मा होतो. महाराने पंचा नेसला तर तो, गावाच्या दृष्टीने, जसा असायला हवा तसाच असतो. हे गांधीजींना कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. पण आज खेड्यापाड्यांतल्या पुतळ्यांवर निळा सूट का आहे, आणि पुतळ्याचा कोट रंगवताना वस्तीतली पोरे एवढी काळजी का घेतात, हे ज्यांना कळत नाही त्यांनी बलायांची यादी पुन्हा वाचावी.

गांधी टोपीचा न्याय मात्र करायला हवा. सोलापूर हे कापडाचे शहर. मे १९३० मध्ये तिथे लष्करी कायदा लागला. त्या दिवसांत डोक्यावर पांढरी टोपी असणे हाच गुन्हा होऊन बसला होता. खादीची दोन वीत टोपी, तिला शिपाई घाबरले. पुढे जानेवारी १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिले. त्या टोपीने एक काम असे केले जे पगडी, पागोटे, मुंडाशाला कधी जमले नव्हते: लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी यांची डोकी काही काळ एकसारखी दिसू लागली. आज तीच टोपी मुंबईच्या डबेवाल्याच्या आणि वारीतल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर आहे. पुढाऱ्यांनी ती कधीच उतरवून ठेवली.

आता पाडव्याच्या शोभायात्रांचे दोन शब्द, कारण प्रश्नोत्तरांत ते कुणीतरी विचारणारच. गिरगाव, डोंबिवली, ठाणे, सगळीकडे मुली नऊवारी, नथ, फेटा आणि काळा चष्मा घालून बुलेटवर निघतात. परंपरावाद्यांना शिवलेली नऊवारी खुपते, सुधारकांना ते प्रदर्शन वाटते. मला गंमत वाटते ती फेट्याची. बाईने फेटा बांधणे कुठल्या परंपरेत बसत होते? कुठल्याच नाही. एकही भाषण, ठराव, सत्याग्रह न होता तो डोक्यावर चढला. गोव्याची कुणबी साडी बघा. लाल चौकडीची, खांद्यावर गाठ मारलेली, शेतात राबणाऱ्या बाईची. वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती फॅशनच्या मंचावर नेली आणि आता ती हजारो रुपयांना मिळते. छान आहे. फक्त विकत घेणाऱ्या बाईला ती नेसून कुणी ‘कुणबीण’ म्हणून हाक मारत नाही, एवढा फरक ध्यानात असावा. खूण पुसली गेली की वस्त्र सुंदर दिसू लागते. ती अंगावर होती तेव्हाही वस्त्र तेच होते.

आणि हे सगळे जुने झाले असे समजून कुणी घरी जाऊ नये. नवरदेवाने साफा बांधला, घोड्यावर बसला म्हणून वरात अडवल्याच्या बातम्या गुजरात-राजस्थानातून अजून येतात.

शेवटी एक विनंती. या विषयाची साधने सरकारी दप्तरात थोडी आहेत, तुमच्या घरात जास्त आहेत. पणजीचा, आजीचा फोटो असेल तर चेहऱ्याबरोबर नेसणही बघा. काठ कुठपर्यंत आला आहे, पदर कुठल्या खांद्यावर आहे, पाय फोटोत दिसू दिलेत की नाही. दागिना असेल तर तो कशाचा होता, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. आजोबा कोटात असतील तर एक गोष्ट तपासा. जुन्या स्टुडिओंतून गिऱ्हाइकासाठी एक कोट, एक टाय, कधी घड्याळही ठेवलेले असे. पाच मिनिटांसाठी घालायचे, फोटो काढायचा, परत खुंटीवर. बाही मनगटाच्या वर किंवा बोटांपर्यंत आली असेल तर तो कोट त्यांचा नव्हता. पण फोटो काढताना तो अंगात घालायचे त्यांनी ठरवले होते, आणि इतिहासाला ते पुरे आहे.